आयसीयूतली दहा मिनिटं: बायकोशी काय बोलू?

पऱ्हाटी_आर्णी | मंगळवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी इथं शेतीच्या धाग्यांवर अधूनमधून लिहितो. आज विषय वेगळा आहे.

माझी बायको, वय ३६, नऊ दिवसांपासून नागपुरात आयसीयूत आहे. आमचं गाव आर्णी तालुक्यात. दसऱ्याच्या सुमारास तिला जुलाब झाले, दोन दिवसांत थांबलेही. मग आठवडाभरानं म्हणाली, पायात मुंग्या येतात, चप्पल पायात राहत नाही. सोयाबीनची सोंगणी नुकतीच झाली होती, आम्हाला वाटलं थकवा असेल. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढून उठूच शकली नाही. यवतमाळला नेईपर्यंत हातही उचलेना. तिथून नागपूर. पाठीतलं पाणी काढून तपासलं, नसांची तपासणी केली, आणि गुलियन बारे सिंड्रोम आहे म्हणून सांगितलं. पाच दिवस आयव्हीआयजीची, म्हणजे या आजारावरच्या औषधाची, इंजेक्शनं चालली. त्यातच श्वास कमी पडायला लागला म्हणून व्हेंटिलेटर लावलं. आमची दिवाळी व्हरांड्यात गेली.

डॉक्टर सांगतात की ती पूर्ण शुद्धीत आहे, तिला सगळं ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. तोंडात नळी असल्यानं बोलताही येत नाही. मला सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ५ ला दहा-दहा मिनिटं आत सोडतात.

अडचण इथंच आहे. मी आत जाऊन उभा राहतो आणि तोंडातून शब्द निघत नाही. लग्नाला १७ वर्षं झाली. दिवसभर शेतात सोबत असतो, पण समोरासमोर बसून बोलायची सवय आम्हा दोघांनाही नाही. काल मी "सगळं ठीक आहे, काळजी करू नको" एवढंच चार वेळा म्हणालो आणि वेळ संपली. तिच्या डोळ्यातून पाणी आलं. ते कशाचं, मला कळलं नाही.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा. त्या दहा मिनिटांत माणसानं काय करावं?

मीनाताई_अचलपूर | बुधवार, सकाळी ६:१०

दादा, वाचून पोटात कालवलं. तुम्ही तिथं आहात हेच तिच्यासाठी मोठं आहे. मुलं कुणाजवळ आहेत?

पऱ्हाटी_आर्णी | बुधवार, सकाळी ६:३०

मुलगी दहावीत आहे, मुलगा सहावीत. दोघंही माझ्या आईजवळ. वहिनी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारते.

काकाजी_दर्यापूर | बुधवार, सकाळी ७:०५

भाऊ, हिंमत ठेव. माह्या अनुभवानं एकच सांगतो, तिच्यासमोर पैशाचं अन् वावराचं काहीच काढू नको. बाईमाणसाले घरची काळजी लय असते. सोयाबीन कितीले गेलं, कापूस कोण वेचते, हे तिच्या कानावर जाऊच देऊ नको. देवाचं नाव घे, डोक्यावरून हात फिरव अन् बाहेर ये. अन् तू सोता जेव. उपाशी माणूस दुसऱ्याले काय धीर देईल?

चालतोय_आता_वाशीम | बुधवार, सकाळी ९:४०

भाऊ, मी स्वतः या आजारातून उठलोय. ४१ दिवस आयसीयूत होतो, त्यातले २६ व्हेंटिलेटरवर. आज स्वतःच्या पायानं बँकेत नोकरीला जातो, जिने चढतो. हे सगळ्यात आधी वाचा, मग पुढचं.

आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर चालून जाते, असा हा आजार आहे. बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो, तुमच्याकडे झालं तसंच. पहिले दोन ते चार आठवडे तो वाढत जातो, मग एका जागी थांबतो, मग हळूहळू मागे फिरतो. या "हळूहळू"चा अर्थ महिने असा घ्या. बहुतेक रुग्ण पुन्हा चालायला लागतात. इंजेक्शनं झाल्यावरही ती लगेच हलत नाही म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नका.

आता आतून कसं वाटतं ते सांगतो. मी चोवीस तास छत बघत होतो. ट्यूबलाईट कधी बंद होत नाही, त्यामुळे दिवस की रात्र काही कळत नाही. मला वाटायचं तीन दिवस झाले असतील, प्रत्यक्षात अकरा झालेले असायचे. मशीन वाजलं की वाटायचं आपण चाललो. ते फक्त सलाईन संपल्याचं वाजतंय, हे कुणी सांगायचंच नाही. आणि खाज! नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली तर ती तासभर सोसायची. माझी बायको आली की धीराच्या गोष्टी सांगायची, आणि मी मनात ओरडायचो, अगं, आधी नाक खाजव.

म्हणून आत गेल्यावर आधी वार, तारीख, वेळ सांगा. "आज बुधवार, सकाळचे अकरा वाजलेत, बाहेर ऊन पडलंय." मग विचारा, कुठं खाजतंय का, कुठं दुखतंय का. या आजारात पाय आणि पाठ भयंकर दुखू शकतात आणि बाहेरच्याला वाटतं की लुळं पडलेल्या माणसाला काय दुखणार. हात लावण्याआधीसुद्धा विचारा. मला एकदा चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता.

काकाजींचा मान राखून म्हणतो, वावराचं सांगायलाच पाहिजे. मला कुणी काहीच सांगत नव्हतं, त्याचा अर्थ मी असा लावला की घर विकलं.

सिस्टर_वर्धा | बुधवार, दुपारी २:२०

मी १४ वर्षं आयसीयूत परिचारिका आहे. वरच्या भाऊंनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे. माझ्याकडून थोडी भर घालते.

ती नळीमुळे बोलू शकत नाही, पण "हो-नाही" ठरवता येतं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मात्र या आजारात चेहऱ्याचे आणि पापण्यांचे स्नायूही कमजोर होतात, म्हणून आधी आमच्यातल्या कुणालातरी विचारा की तिचं नीट काय हलतं. पापणी नसेल तर बुबुळ वर करणं चालतं. जे ठरेल ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या डोक्यामागं लावायला सांगा, म्हणजे प्रत्येक पाळीतल्या सिस्टरला कळेल. हे आपणहून सुचवणारे नातेवाईक फार थोडे असतात आणि आम्हालाही धावपळीत राहून जातं. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. "पाणी पाहिजे की कूस बदलू" असं विचारलं तर तिनं कशाला हो म्हणायचं?

केसांचं बघा. बायकांचे लांब केस पाठीमागं दाबून दाबून त्यांची जट होते आणि मग कापावे लागतात. परवानगी घेऊन विंचरा आणि दोन वेण्या बाजूला घाला, डोक्याखाली अंबाडा किंवा पिन नको. नखं कापून द्या. तेल किंवा क्रीम विचारल्याशिवाय लावू नका. पोटऱ्या रगडू नका, पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलतात की नाही हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त आवाज चढवून विचारू नका. आत जाताना आणि येताना हात धुवा.

आणि एक. ती चष्मा लावते का?

पऱ्हाटी_आर्णी | बुधवार, दुपारी २:५५

लावते. लांबचा आहे, नंबर जास्त आहे. सिस्टर, तो माझ्याच पिशवीत आहे. तपासणीला नेताना मंगळसूत्र, जोडवी, चष्मा सगळं काढून माझ्या हातात दिलं होतं, मी ते रुमालात बांधून ठेवलं. आज दहावा दिवस. तिला माझा चेहराही दिसत नसणार.

सिस्टर_वर्धा | बुधवार, दुपारी ३:०५

आता पाचला घेऊन जा. डोळे बंद होत नसतील तर थेंब चालू असतील, म्हणून घालताना ड्युटीवरच्या सिस्टरला सोबत घ्या. स्वतःला दोष देत बसू नका, हे फार घरांत होतं.

रानफूल_चंद्रपूर | बुधवार, दुपारी ४:१५

मंगळसूत्राचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या जावेला एमआरआयला नेताना सगळं सौभाग्यलेणं काढलं, बांगड्या उतरल्या नाहीत म्हणून कापल्या. आमच्या सासूबाईंनी दवाखान्यात हंबरडा फोडला. जाऊबाई आत एकीकडे दुखण्यानं तळमळत होत्या आणि वरून त्यांना वाटलं की बाहेर आपल्या नवऱ्यालाच काही झालं! तेव्हापासून आमच्या घरात आजारी माणसाच्या दाराशी रडायला बंदी आहे. रडायचं तर खाली चहाच्या टपरीवर जाऊन.

काकाजी_दर्यापूर | बुधवार, सायंकाळी ५:३०

वाशीमवाले भाऊ, तुमचं पटलं. मी माह्या घरचं सांगून रायलो होतो. आमची गेली तेव्हा तिले काहीच सांगतलं नव्हतं आम्ही. आता वाटते, सांगाले पायजे होतं. तिनं दोनदा विचारलं होतं, गाय व्याली का म्हणून. मी "तू आराम कर" म्हणून उडवून लावलं. गाय व्याली होती, गोऱ्हा झाला होता.

चालतोय_आता_वाशीम | बुधवार, सायंकाळी ५:५०

काकाजी, नमस्कार तुम्हाला.

पऱ्हाटी_आर्णी | बुधवार, सायंकाळी ६:२०

चष्मा घातला. तिनं मला बघितलं. मग माझ्या पायापर्यंत बघितलं आणि पुन्हा वर. मी आठ दिवस तोच सदरा घालून आहे, ते तिला दिसलं असावं. पापणीचं ठरवलं, उजवी चांगली मिटते. "पाय दुखतात का?" हो. मी सिस्टरला सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, औषध बदललं. दहा दिवस दुखत होतं तिचं.

जुनी_पिशवी | बुधवार, रात्री ८:००

भाऊ, कागदांचं काय आहे? खर्च कसा चाललाय?

पऱ्हाटी_आर्णी | बुधवार, रात्री ८:३०

सुरुवातीला रोख भरले. बहिणीनं पोत गहाण ठेवली. योजनेत बसतं की नाही, कुणी नीट सांगत नाही.

जुनी_पिशवी | बुधवार, रात्री ९:१५

उद्या सकाळी पहिलं काम हे करा. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा, टेबल असतो. रेशनकार्ड, दोघांचं आधार, भरती झाल्याचा कागद आणि तपासणीचे रिपोर्ट घेऊन त्याच्याकडे जा. आता या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांना आणि मंजुरी घेऊनच मिळतं. म्हणून जितक्या लवकर जाल तितकं बरं. हेल्पलाईन १५५३८८. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं आहे असं स्पष्ट म्हणा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी वेगळा अर्ज असतो, त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून मुलीच्या फोनवरही पाठवून ठेवा. माझी पिशवी बडनेऱ्याला गाडीत राहिली होती, तीन महिने पुन्हा फेऱ्या मारल्या.

डवरणी | गुरुवार, सकाळी ७:४५

मी घाटंजीकडची. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या यांना विषबाधा झाली. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. वार्डात एकेका खाटेवर आमच्यासारखेच. विषावरचं ॲट्रोपिन चालू होतं, त्या औषधानं माणूस भ्रमात जाते हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. हे हात झटकायचे, हवेत काहीतरी वेचायचे, मले ओळखायचे नाहीत, शिव्या द्यायचे. हात बांधून ठेवले होते. मी बाहेर येऊन रडायची की माझा माणूस गेला, हा दुसराच कोणी आहे.

एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं मले बसवून समजावून सांगतलं, मावशी, हे औषध बोलते, ते नाही बोलत. तेवढ्यानं मी वाचली. म्हणून भाऊ, सांगते, डॉक्टरले विचारत जा. राउंडाची वेळ माहीत करून घ्या, त्या वेळी दारापाशी उभे राहा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवा. तीनच लिहा, दहा लिहाल तर एकाचंही उत्तर धड मिळत नाही. मी चौथी शिकलेली, मी लिहून नेत होती.

हे हवेत वेचायचे ते कापूसच वेचायचे, हे मले फार उशिरा समजलं.

बंड्या_वणी | गुरुवार, सकाळी १०:३०

ताई, शेवटच्या ओळीनं गलबलून आलं.

माझा अनुभव भेटायला येणाऱ्यांचा. आमच्या बाबांना बायपाससाठी नेलं तर गावातून गाडी करून चौदा जण आले. सोबत पोळ्या, ठेचा, दोन पपया आणि एक टरबूज. चौकीदार म्हणाला, दोनच पास आहेत. मग आत कोण जाणार यावर बारा माणसांची गेटसमोर बैठक बसली, ती दोन तास चालली, तोवर भेटीची वेळ संपली. बाबांनी वरच्या खिडकीतून हात दाखवला आणि सगळे खूश होऊन परत गेले. टरबूज चौकीदारानं फोडलं आणि सगळ्यांना वाटलं. पण त्या चौदांपैकी चौघांनी पुढं आमची तूर काढून दिली, तेही खरं.

मीनाताई_अचलपूर | गुरुवार, सकाळी ११:१०

माणसं येतात त्याचा राग करू नये, त्यांना काम द्यावं. एकाला डबा, एकाला कागदपत्रं, एकाला रात्रपाळी. दादा, तुम्ही झोपता कुठं?

पऱ्हाटी_आर्णी | गुरुवार, दुपारी १:००

व्हरांड्यात. चादर आहे. रात्री आता गार लागतं. काल साळा आला, म्हणाला दोन रात्री मी थांबतो. मी नको म्हणालो. मी नसताना काही झालं तर?

काकाजी_दर्यापूर | गुरुवार, दुपारी १:४०

थांबू दे त्याले. ती त्याचीही बहीण आहे.

गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. त्यांनी देवळं नाही बांधली, धर्मशाळा बांधल्या. मुंबईले दादरची त्यांची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटले अन् त्यांच्या माणसायले आसरा देते. मी तिथं आमच्या घरच्यांसोबत दीड महिना काढला. बाबाले शाळा नव्हती, पण दवाखान्यात आलेल्या गरीब माणसाले पाठ टेकाले जागा लागते, हे त्यायले समजत होतं. तुमच्या दवाखान्याजवळही असं काहीतरी असनच, समाजसेवावाल्याले विचारजो. रोज आंघोळ करजो. सदरा बदलजो. तिनं पाहून घेतलंय तो.

श्रद्धा_सबुरी_उमरखेड | गुरुवार, दुपारी ३:२०

औषधं चालू द्या, पण कुणाची नजर लागली असेल तर तेही बघून घ्या. आमच्या इकडं एक जण अंगारा देतात. तोंडात चिमूटभर टाकायचा.

सिस्टर_वर्धा | गुरुवार, दुपारी ३:५०

श्रद्धाताई, तोंडात काहीही टाकायचं नाही, अगदी तीर्थाचा थेंबसुद्धा नाही. तिला गिळता येत नाही, ते थेट फुप्फुसात जाईल आणि न्यूमोनिया होईल. पुडी उशाशी ठेवायची असेल तर मी कुणाला अडवलेलं नाही. तिच्या आईला त्यानं धीर येत असेल तर तोही धीरच आहे.

श्रद्धा_सबुरी_उमरखेड | गुरुवार, दुपारी ४:०५

हे माहीत नव्हतं सिस्टर. उशाशीच ठेवावा मग.

पऱ्हाटी_आर्णी | शनिवार, रात्री १०:२०

दोन रात्री साळा थांबला. मी गावी जाऊन आलो. आरोग्यमित्राकडे कागद दिले, पुढची मंजुरी आली आहे.

गावी पोहोचलो तर मुलीनं सीतादही करून ठेवलं होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात दही-भाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात. दरवर्षी तीच करते. पोरीनं आजीला विचारून विचारून सगळं केलं, पहिला कापूस पदरात घेतला आणि त्यातलं एक बोंड मला दिलं, आईला दाखवा म्हणून.

आज अकराला मी वार सांगितला, वेळ सांगितली, खाज विचारली. मग सीतादह्याचं सगळं सांगितलं. कोणत्या बांधावर केलं, दही कुणाकडचं आणलं, पोरीनं तिचंच हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ते पायात येत होतं. बोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुरूनच दाखवलं. दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. सिस्टरनं आज पंधरा मिनिटं दिली.

डवरणी | शनिवार, रात्री १०:४५

माय वो.

पऱ्हाटी_आर्णी | अकरा दिवसांनी, दुपारी १२:१०

घाईत विचारतो. डॉक्टर गळ्याला भोक पाडून नळी टाकायची म्हणतात, सही मागतात. म्हणजे तब्येत बिघडली का? सासरे म्हणतात सही करू नका, एकदा गळा फोडला की माणूस परत येत नाही.

सिस्टर_वर्धा | त्याच दिवशी, दुपारी १२:२५

हे बिघडल्याचं लक्षण समजू नका. व्हेंटिलेटर बरेच दिवस लागणार असेल तर तोंडातली नळी गळ्यात घेतात, त्याला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. तोंड मोकळं होतं, कफ काढणं सोपं जातं, झोपेचं औषध कमी लागतं आणि हळूहळू मशीन सोडवता येतं. गरज संपली की नळी काढतात आणि भोक बहुधा आपोआप भरून येतं. नळी असेपर्यंत हवा स्वरयंत्रातून जात नाही म्हणून आवाज येत नाही, हे तिला आधीच सांगा, नाहीतर ती घाबरेल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, ते डॉक्टरांकडून ऐकूनच सही करा. आणि सही करण्याआधी तिला विचारा. ती शुद्धीत आहे.

चालतोय_आता_वाशीम | त्याच दिवशी, दुपारी १२:४०

माझ्या गळ्याचा डाग आजही आहे, शर्टाचं वरचं बटण लावलं की दिसत नाही. सासऱ्यांशी बोलायचं असेल तर फोनवर मी बोलतो, निरोप पाठवा.

पऱ्हाटी_आर्णी | त्याच दिवशी, दुपारी ३:३०

तिला विचारलं. सगळं समजावलं. तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग पापणी एकदा मिटली. सासरे वाशीमच्या भाऊंशी बोलले, मग म्हणाले, पोरीची मर्जी असेल तर माझी ना नाही. सही केली.

बाराखडी_मास्तर | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:१५

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. हो-नाहीच्या पुढं जायचं असेल तर अक्षरांचा तक्ता करा. पूर्ण बाराखडी नको, गोंधळ होतो. एका ओळीत स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, शेवटी य ते ळ. तुम्ही ओळींवर बोट फिरवायचं, तिनं पापणी मिटली की त्या ओळीतल्या अक्षरांवर फिरवायचं. काना-मात्रा सोडून द्यायच्या, शब्द आपोआप कळतो. 'प' आणि 'ण' आलं की पाणी. माझ्या भावाला पक्षाघात झाला तेव्हा आम्ही याच तक्त्यावर सहा आठवडे काढले. मुलीला करायला सांगा, तिलाही आईसाठी काहीतरी करायला मिळेल.

पऱ्हाटी_आर्णी | चार दिवसांनी, रात्री ९:३०

मास्तर, तक्ता पोहोचला. पोरीनं रंगीत खडूनं केलाय. तिनं पहिला शब्द लावला तो 'द', 'ह', 'व'. मला वाटलं दही-भाताचं काही म्हणतेय. मग कळलं, दहावी. मी सांगितलं, सराव परीक्षा झाली, गणितात ७१ आहेत. तिनं लगेच 'इ' आणि 'ग' लावलं. इंग्रजीचे मी विचारलेच नव्हते. रात्री फोन करून विचारले.

मीनाताई_अचलपूर | साधारण दीड महिन्यानं, सकाळी ७:००

दादा, बरेच दिवसांत काही कळवलं नाही. वहिनी कशा आहेत?

पऱ्हाटी_आर्णी | त्याच दिवशी, रात्री ८:४५

माफ करा, रोज फिजिओथेरपीत वेळ जातो. ती व्हेंटिलेटरवरून निघून आता वार्डात आहे. बायकांच्या वार्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत म्हणून रात्री माझी बहीण असते, दिवसा मी. आधार देऊन बसवलं की पंधरा मिनिटं बसते. हाताची बोटं चालायला लागली. पाय अजून नाहीत. गळ्याची नळी मागच्या आठवड्यात निघाली. आवाज बारीक येतो, थकते, पण बोलते.

तुम्हा सगळ्यांना तिची उत्तरं द्यायची होती. मी हा पूर्ण धागा तिला तीन दिवस थोडा थोडा वाचून दाखवला आणि विचारलं, तुला काय बरं वाटत होतं?

ती म्हणाली, चष्म्याआधीचे दिवस तिला धुकं पडल्यासारखे आठवतात. कोण आलं ते आवाजावरूनच कळायचं, आणि मी बोलत नव्हतो म्हणून मी आलोच नाही असं तिला वाटायचं. मी "सगळं ठीक आहे" म्हणायचो तेव्हा तिला वाटायचं की मी आता तिच्यापासून काहीतरी लपवतोय. त्या दिवशीचं रडणं त्याचं होतं. वार सांगायला लागल्यावर ती मनात दिवस मोजायला लागली. सीतादह्याचं सांगितलं तेव्हा तिला कळलं की वेचणी सुरू झाली, म्हणजे जग चालू आहे, आणि मग तिला पोरीच्या शाळा बुडण्याचा राग आला. म्हणाली, राग आला तेव्हा मले वाटलं मी जगते.

खाजेबद्दल वाशीमच्या भाऊंना तिनं नमस्कार सांगितलाय. काकाजी, तुमचं गाईचं तिनं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, त्यायले सांगा, बाईले आधीच समजलं असन.

काकाजी_दर्यापूर | त्याच दिवशी, रात्री ९:२०

वाचलं बाप्पा. सूनबाईले आशीर्वाद सांगजो.

सिस्टर_वर्धा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून वाचतेय. तुमचा तक्ता मी आमच्या युनिटमध्ये करून लावलाय. पायांना वेळ लागेल, घोट्याला आधार देणारा पट्टा फिजिओंना विचारा, पाऊल खाली लोंबकळत राहायला नको. घरी जाण्याआधी संडासचं बघून ठेवा, खाली बसायचं असेल तर खुर्ची लागेल.

नवीन_सभासद_किनवट_रोड | त्याच दिवशी, रात्री ११:३०

मला इथं लिहिता येत नाही नीट. आमच्या यांना आज नागपूरला आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणतात. आयसीयूत आहेत. मी एकटीच आहे, भाऊ उद्या येईल. सकाळी ११ ला आत सोडणार आहेत. हा धागा वाचत बसली आहे. मी काय करू?

पऱ्हाटी_आर्णी | त्याच दिवशी, रात्री ११:३४

ताई, मी इथं नागपुरातच आहे, उद्या सकाळी बहिणीला तुमच्याकडे पाठवतो, दवाखाना मला निरोपात कळवा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आत्ता आठवतंय तेवढं कागदावर लिहून ठेवा. जेवल्या नसाल तर खाली जाऊन आधी काहीतरी खाऊन या.

आणि एक सांगा, तुमचे मिस्टर चष्मा लावतात का?